आधी वाळवा, मग धुवा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘खेळाचं संरक्षक साहित्य घरी कसं स्वच्छ करावं’. ते सांगणारच आहे, बादली, ब्रश, सोडा सगळ्यासकट. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे बोलावणं आनंदाने घेतलं. आपल्या घरातल्या पॅडना, ग्लोव्ह्जना, हेल्मेटना जो वास लागतो, तो न धुतल्यामुळे कमी आणि न वाळवल्यामुळे जास्त लागतो. महिन्यातून एकदा आपण धुण्याचा मोठा घाट घालतो आणि रोजचं वाळवणं विसरतो.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि माझा मुलगा हॉकीत गोलकीपर आहे. गोलकीपरचा पसारा ज्यांनी घरात सांभाळलाय त्यांच्या माना आत्ताच हलायला लागल्या. हेल्मेट, गळ्याचा गार्ड, छातीचा गार्ड, कोपरांचे गार्ड, ग्लोव्ह्ज, पोटाखालचा गार्ड, पायांचे पॅड, किकर. एवढा सगळा फोम एका पोराच्या अंगाला घट्ट बांधायचा, तासभर त्याला घाम गाळायला लावायचा, मग सगळं एका बॅगेत कोंबून चेन ओढायची. त्यानंतर वास आला तर दोष कुणाचा?

खेळाडूंना एक विचारते. आपल्या किटला वास येतो असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? हात वर करा. तीन. आता पालकांनी सांगा. बघा, सगळी रांग वर! यात कुणीही खोटं बोलत नाहीये. एकच वास काही मिनिटं सतत आला की नाकाला त्याची सवय होते, मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. म्हणून गाडीत मागच्या सीटवर बॅगेला टेकून मुलगा शांत बसलेला असतो आणि पुढे आई काच खाली करत असते. तेव्हा या विषयावर घरात भांडू नका. किटची परीक्षा घ्यायची असेल तर बाहेरून नुकतंच घरात आलेलं नाक वापरा.

आता घामाबद्दल. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. तळहात आणि तळपाय यांच्यावर ज्या घर्मग्रंथी असतात त्यांच्या घामात मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि अगदी थोडं युरिया, लॅक्टिक आम्ल, अमिनो आम्लं. त्वचेवर जिवाणू कायमच राहतात, ते आपले जुने भाडेकरू. त्यांतला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल खातो आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. नाव अवघड असलं तरी ओळख जुनी आहे, दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा वास तो हाच. म्हणजे मैदानावरून निघताना बॅगेत जातो तो नुसता ओला घाम. वास बनतो नंतर, बंद बॅगेत, अंधारात, ओलीत. जिवाणूंना अन्न आहे, ऊब आहे. आपल्या हातात त्यांचं एकच तोडता येतं, ते म्हणजे पाणी.

अस्तराचाही भाग आहे यात. २०१४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ जणांना जोरदार सायकलिंग करायला लावलं आणि त्यांचे टी-शर्ट नंतर हुंगवले. सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरचा वास जास्त उग्र निघाला, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर वाढलेले सापडले. आपल्या बहुतेक गार्डांचं अस्तर पॉलिएस्टरचं आणि त्यामागे फोम. गार्डाच्या आत हात घालून बघा, वरचं कापड कोरडं लागेल. मग अंगठ्याने जोरात दाबा. आतून गार ओल वर येते. तीच खरी गोष्ट. कापड वाळलं म्हणून गार्ड वाळला असं समजू नका.

इथे मला फ्रीझरची हकीकत सांगावीच लागेल. संयोजकांनी मघाशी चहाच्या वेळी ती ऐकली आणि म्हणाले, ही सोडू नका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा तेव्हा चौदाचा. त्याच्या डाव्या ग्लोव्हची अवस्था अशी होती की तळहाताच्या जागी अस्तर काळपट आणि कडक झालेलं, बोटांच्या मुळाशी मिठाचे पांढरे ओघळ, आणि तो घालून आल्यावर हात दोनदा साबणाने धुतला तरी बोटांना वास राहायचा. त्याला संघातल्या कुणीतरी सांगितलं की फ्रीझरमध्ये ठेव, थंडीने जंतू मरतात. मी कामावरून आले आणि बर्फ काढायला फ्रीझर उघडला, तर बर्फाच्या ट्रेवर पिशवीत गुंडाळलेले दोन ग्लोव्ह्ज! मी रागावले नाही. पोरगं स्वतःहून काहीतरी करतंय याचंच मला कौतुक. म्हटलं, होऊ दे.

चार दिवसांनी, सामन्याच्या सकाळी, त्याने ते बाहेर काढले आणि माझ्या नाकाशी धरले. वास नाही. अगदी खरंच नाही. तो एवढा खूश होता की मला काही बोलवेना. शिक्षिका म्हणून मला माहीत होतं पुढे काय होणार, पण आई म्हणून मी गप्प बसले. सामना सुरू झाला. पहिली पंधरा मिनिटं गेली, दुसरी गेली. मध्यंतराला तो सीमारेषेपाशी आला, हेल्मेट वर केलं, बाटली तोंडाला लावली, आणि पाणी पिता पिता थांबून म्हणाला, “आई, परत आला.”

परत आला कारण तो गेलाच नव्हता. थंडीत वासाचे रेणू हवेत कमी उडतात, म्हणून नाकापर्यंत पोचत नाहीत. हाताच्या उबेने ते पुन्हा उडायला लागले. आणि जिवाणू? घरचा फ्रीझर असतो साधारण उणे १८ अंश सेल्सिअसला. प्रयोगशाळेत जिवाणू वर्षानुवर्षं जिवंत जपून ठेवायचे असतात तेव्हा ते ग्लिसरीनमध्ये मिसळून उणे ८० अंशांना ठेवतात. घरच्या थंडीत काही मरतात, पण बरेचसे झोपतात आणि ऊब मिळाली की उठतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एक प्रयोग ठरवला. दोन्ही ग्लोव्ह्ज नीट धुतले, पूर्ण वाळवले. मग तीन आठवडे अजिबात धुवायचे नाहीत. प्रत्येक सरावानंतर डावा बॅगेत, चेन लावून. उजवा टेबलफॅनसमोर, सगळे पट्टे उघडे, आणि तोंड मिटू नये म्हणून आत तारेचा हँगर वाकवून घातलेला. तीन आठवड्यांनी डावा खोलीत ठेवता येईना. उजवा नाकाला लावल्यावर जेमतेम आंबूस. मुलगा म्हणाला, डाव्या हाताला घाम जास्त येत असेल. मला इतका आनंद झाला! शंका काढायची ती अशीच. मग दोन्ही पुन्हा धुऊन बाजू बदलल्या, डावा पंख्याला आणि उजवा बॅगेत. आणखी तीन आठवड्यांत वासानेही बाजू बदलली. एका घरातला, एका जोडीवरचा प्रयोग आहे, मी त्याला संशोधन म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरी सामन्यानंतर पहिलं काम बॅग उघडण्याचं असतं, अंघोळीच्याही आधी.

हे सगळं फक्त नाकाच्या सोयीसाठी आहे असं समजू नका, याबद्दल मी खरंच कळकळीने बोलते आहे. घट्ट गार्डाखाली कातडी घासते, सोलवटते, आणि ओला मळकट फोम त्याच जखमेवर रोज बसतो. कुस्तीगिरांमध्ये नायट्याची साथ पसरते, त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे इतकी ती नेहमीची. २००३ च्या मोसमात अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात ५८ पैकी ५ खेळाडूंना औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग झाला, आणि सगळे संसर्ग मैदानावर घासून सोलवटलेल्या जागीच होते. तपासणाऱ्यांच्या नोंदीत खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत होते हेही आलं. म्हणून गार्ड, ग्लोव्ह, टॉवेल एकमेकांना देऊ नका. आणि गार्डाखाली लालसर, दुखरी, गरम लागणारी पुळी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सोडा आणि व्हिनेगर यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. आयसोव्हॅलेरिक हे आम्ल, खाण्याचा सोडा सौम्य अल्कली. दोघं भेटले की आम्लाचं मीठ होतं, आणि ते मीठ हवेत उडत नाही, म्हणून वास जातो. व्हिनेगरचं काम वेगळं, ते साबणाचा आणि क्षारांचा चिकटा काढतं, बऱ्याच जिवाणूंना नकोसंही होतं. पण लोक दोन्ही एकत्र ओततात! फसफस होते, बुडबुडे येतात, बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. तो कार्बन डायऑक्साइड असतो. दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं आणि बादलीत उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. पुढच्या वेळी कुणी असं करताना दिसलं तर प्रेमाने हात धरा. आणि ब्लीच मात्र व्हिनेगरबरोबर चुकूनही नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मग धुण्याचं भरभर सांगते, लिहून घ्या.

आधी लेबल वाचा. काढता येणारं अस्तर काढा. वेल्क्रोचे सगळे पट्टे बंद करा, नाहीतर त्याचे आकडे दुसऱ्या कापडाचे धागे ओढतात. कापडी आणि फोमचे गार्ड, पॅड, अस्तरं बादलीत कोमट पाण्यात, एन्झाइम असलेली धुण्याची पावडर घालून, अर्धा तास भिजू द्या. उकळतं पाणी नको, त्याने एन्झाइमही निकामी होतं आणि फोम चिकटवणारा गोंदही सुटतो. मग स्पंजासारखं दाबत राहा, पाणी बदला, पुन्हा दाबा. पहिलं पाणी चहासारखं येतं, घाबरू नका. पिळू नका, फोम आतून फाटतो. शेवटी स्वच्छ पाण्याने इतकं खळबळा की फेस दिसेनासा होईल, कारण राहिलेला साबण कातडीला खाजवतो. वास फारच मुरला असेल तर पावडरीआधी सोड्याचं पाणी, लिटरला एक मोठा चमचा, तासभर. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यावर थर बसवतो आणि पाणी शोषलं जात नाही.

हेल्मेटला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लावू नका, प्लास्टिकच्या कवचाला बारीक तडे जाऊ शकतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आतला फोम उष्णतेने कमजोर होतो.

चामड्याचे ग्लोव्ह्ज, बॉक्सिंगचे वगैरे, बुडवू नका. आतून ओलसर फडक्याने पुसा, बोळे केलेला कागद भरून ओल शोषून घ्या, तासाभराने कागद बदला, मग पंखा. आत सुती पट्टी किंवा पातळ सुती मोजा घालायची सवय लावा, घाम तिथेच अडतो आणि पट्टी रोज धुता येते.

वाळवताना जाडजूड टॉवेलात गुंडाळून गुडघ्याने दाबा, निम्मं पाणी तिथेच निघतं. मग सावलीत, खेळत्या हवेत, पट्टे उघडे, आतली बाजू बाहेर. थोडं ऊन चालेल, दिवसभराचं नको. अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय बॅगेत परत घालू नका. आणि बॅगही धुवा, ती सगळे विसरतात.

स्प्रेबद्दल मागून कुणीतरी विचारलं. वाळलेल्या किटवर मारायचा तर मारा. ओल्या किटवर मारला तर सुगंध आणि कुबटपणा दोन्ही एकदम येतील. आणि हो, फोम दाबल्यावर परत वर येत नसेल, चुरा पडत असेल, किंवा हेल्मेटला तडा दिसत असेल, तर ते धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

बाहेर टेबलावर तेच दोन ग्लोव्ह्ज ठेवलेत, प्रयोगातले. आता दोन्ही रोज पंख्यासमोर असतात. काल रात्रीच सराव झालाय. जाताना बिनधास्त नाक लावून बघा.