275 लिटरचा हिशेब

(दर्यापूर तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आणि पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सरकारी उद्दिष्टांची छाननी संसद कशी करते हा विषय आहे, पण सुरुवात तोटीपासून करू.

जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली. तेव्हा देशातल्या 3 कोटी 23 लाख ग्रामीण घरांना, म्हणजे साधारण 17 टक्के घरांना नळ होता. 2024पर्यंत घरोघरी नळ, असं उद्दिष्ट ठरलं. फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी 15 कोटी घरं आणि 80 टक्के असा आकडा सांगितला आणि मुदत 2028पर्यंत नेली. 17चे 80 होणं ही लहान गोष्ट नाही. गावोगावचे खोदून ठेवलेले सिमेंट रस्ते त्याची साक्ष देतात! पण संसदेनं, आणि तुम्हीही, विचारायचं ते असं की या 80मध्ये मोजलं काय?

मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत ‘कार्यरत नळजोडणी’ची व्याख्या आहे. तिच्यात तीन अटी आहेत. माणशी रोज किमान 55 लिटर पाणी, भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्यायोग्य पाणी, आणि नियमित पुरवठा. संगणकावर रोज चढणारा आकडा मात्र जोडणीचा असतो. भिंतीला तोटी लागली, आधार क्रमांकाशी नोंद झाली, की घर मोजलं गेलं.

तुमच्या घरी हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. 15 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. समजा बादली भरायला 3 मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. पाणी 45 मिनिटं टिकलं, तर 225 लिटर झालं. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर लागतं. म्हणजे रोज पाणी आलं तरी 50 लिटर कमीच. आणि खारपाणपट्ट्यात, म्हणजे आपल्या खाऱ्या भूजलाच्या भागात, रोज कुठे येतं? चार दिवसांआड आलं असं धरू नका, दर चौथ्या दिवशी आलं असं धरा. तेवढ्यात घराला 1,100 लिटर हवं, मिळालं 225. माणशी रोजचं पडलं सव्वाअकरा लिटर. दिल्लीतल्या कागदावर हे घर शंभर टक्क्यांतच आहे.

मोजताना एक काळजी घ्या. टाकीजवळच्या घरी मोजलं तर योजना झकास दिसते. मोजायचं ते शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या तोटीला. वरच्या आळीत नळालाच लावून पाणी ओढणाऱ्या दोन-चार टिल्लू मोटारी सुरू असतील तर शेवटी नुसती हवा येते. म्हणून टिल्लू सुरू असताना एकदा आणि बंद करून एकदा, असं दोनदा मोजा. दुसऱ्या मोजणीत पाणी पुरलं तर दोष गावाचा, नाही पुरलं तर योजनेचा. हा फरक लिहून ठेवला नाही, तर अधिकारी सगळं खापर टिल्लूवर फोडून मोकळे होतात.

पाण्याच्या गुणवत्तेचंही तसंच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात भूजल खारं. मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000पर्यंत चालवून घ्यायचे. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास आहे, तिथं शेवटची मर्यादा दीड मिलिग्रॅम. अकोट-तेल्हाऱ्याकडची 84 खेडी योजना वान धरणातून आली ती याच खाऱ्या पाण्यामुळं. लांबून आणलेलं गोडं पाणी वीजबिलापायी किंवा फुटलेल्या लाइनमुळं बंद पडलं, की गाव जुन्या बोअरवर जातं. तोटी तीच, तक्त्यातलं घर तेच, पण पाणी खारं.

आता दिल्लीत चला. अशा उद्दिष्टांची छाननी करायला संसदेच्या हाती काय असतं?

पहिला कागद अर्थसंकल्पासोबत येतो. 2005-06 पासून सरकार ‘आउटकम बजेट’ मांडू लागलं आणि 2017-18 पासून सगळ्या मंत्रालयांचं एकत्रित स्वरूप आलं. त्यात रकमेसमोर दोन रकाने असतात. एकात ‘आउटपुट’, म्हणजे केलेलं काम, दुसऱ्यात ‘आउटकम’, म्हणजे त्यातून झालेला बदल. पाइप टाकला हे पहिल्यात, घरात 275 लिटर पोचलं हे दुसऱ्यात. घोळ इथंच होतो. दुसऱ्या रकान्यातही जोडण्यांचीच संख्या वेगळ्या शब्दांत लिहिली, की तो रकाना असून नसल्यासारखा. म्हणून खासदारानं हा तक्ता मागच्या वर्षीच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचावा. एखादा मापदंड गुपचूप गळाला असेल, तर प्रश्न तिथंच सापडतो.

या रकान्यांत गल्लत झाली की काय होतं, हे आधीच्या राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमात दिसलं होतं. 2017पर्यंत 35 टक्के ग्रामीण घरांना नळजोडणी द्यायची होती. 2018 मध्ये मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात ती 17 टक्के निघाली. खर्च मात्र उपलब्ध रकमेच्या 90 टक्क्यांच्या घरात, 81 हजार कोटींच्या वर झाला होता. खर्चाच्या टक्क्यावर बघाल तर तो कार्यक्रम पहिल्या वर्गात पास.

लोकसभेत सगळ्या मंत्रालयांच्या मागण्यांवर, म्हणजे त्यांनी मागितलेल्या खर्चावर, चर्चा होतच नाही. मोजक्या मंत्रालयांवर होते, बाकीच्या शेवटच्या दिवशी ‘गिलोटिन’ लावून एकगठ्ठा मंजूर होतात. खरी छाननी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत, विभागांशी संबंधित स्थायी समित्यांत होते. 1993 मध्ये अशा 17 समित्या नेमल्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. खात्याचे सचिव समोर बसून उत्तरं देतात, दारं बंद असतात, कॅमेरा नसतो. त्यामुळं तिथं पक्षाची भाषणं कमी आणि प्रश्न जास्त, ही माझ्या मते त्यांची मोठी जमेची बाजू. उणी बाजू अशी की सदस्यत्व वर्षभराचं. विषय समजेपर्यंत सदस्य बदलतो.

जलजीवन मिशन जलसंसाधन समितीकडे येतं. तिथं काय विचारता येतं बघा. 2024-25 मध्ये मिशनसाठी 70 हजार कोटींच्या वर तरतूद होती. सुधारित अंदाजात ती 22,694 कोटींवर आली. पुढच्या वर्षी पुन्हा 67 हजार कोटी मांडले. पैसा मधेच का आटला? राज्यांनी आपला हिस्सा भरला नाही, पैसा खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रं दिली नाहीत, की केंद्रानंच हात आखडला? महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र-राज्य वाटा निम्मा-निम्मा आहे. एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याचा अडतो, ठेकेदार काम सोडतो आणि गावात अर्धवट टाकी उभी राहते. तुमच्या गावाबाहेर पाण्याविना उभी असलेली टाकी या तीन आकड्यांची सावली असू शकते.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. पण तीन महिन्यांत सरकारला ‘केलेली कार्यवाही’ कळवावी लागते आणि समिती उत्तरांची वर्गवारी करते. मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पटल्यानं सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यानं पुन्हा मांडलेल्या, आणि अंतिम उत्तर यायचं असलेल्या. अहवाल हाती आला तर शेवटची दोन प्रकरणं आधी वाचा. पहिल्या प्रकारात बहुधा ‘राज्यांना पत्र पाठवलं आहे’ एवढंच असतं. पत्र पाठवणं म्हणजे कार्यवाही, हा सरकारी भाषेतला फार जुना चमत्कार आहे.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट, प्रश्नोत्तरं. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत येतात. किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि चिठ्ठी निघावी लागते. तारांकितावर तोंडी उपप्रश्न विचारता येतो, अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. ‘आमच्या गावाला पाणी कधी मिळणार’ असा प्रश्न टिकत नाही. पाणी राज्यसूचीतला विषय, ही जबाबदारी आमची नाही म्हणून तो बाद होतो किंवा गोलमाल उत्तर येतं. प्रश्न केंद्राच्या पैशाला आणि केंद्राच्या व्याख्येला बांधावा लागतो.

उदाहरणार्थ असा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत 31 मार्चअखेर ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळ झालेली, म्हणून कळवलेली गावं किती. त्यांपैकी ग्रामसभेच्या ठरावानं प्रमाणित झालेली किती. त्यांपैकी 55 लिटर पुरवठा प्रत्यक्ष मोजलेली किती. किती गावांच्या नमुन्यांत क्षार 2,000 मिलिग्रॅमच्या वर आढळले. आणि नसल्यास, कारणं काय? नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘हे खरे आहे काय, असल्यास’ ही भाषा तुम्ही ऐकली आहेच. तिच्यातला ‘हे खरे आहे काय’ तेवढा टाळा. त्याला ‘हे खरे नाही’ एवढंच उत्तर पुरतं. संख्या मागितली की संख्या द्यावी लागते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं, तर ते आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

या प्रश्नातला ‘कळवलेली’ आणि ‘प्रमाणित’ हा फरक तुमच्या हातात आहे. खात्यानं गाव पूर्ण झाल्याचं कळवल्यावर ग्रामसभेत वाचून ठराव घ्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो तयार छापील येतो आणि रजिस्टरवर सह्या होतात. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, घरांची एकूण संख्या, म्हणजे टक्केवारीचा छेद. वाटण्या होऊन वेगळी झालेली घरं, शेतातली वस्ती, पारध्यांची वस्ती म्हणजे बेडा, यवतमाळकडे कोलामांची वस्ती म्हणजे पोड, हे धरलेत का? छेदातून बेडा वगळला की टक्का आपोआप शंभर होतो. दोन, शेवटच्या तोटीच्या मोजणीची तारीख. उन्हाळ्यातली आहे की श्रावणातली? तीन, पाणी तपासणीचा अहवाल कुठल्या स्रोताचा आहे, धरणाच्या लाइनचा की जुन्या बोअरचा.

यातलं काही कमी असेल तर ठराव अडवायची गरज नाही. त्याच ठरावात खाली लिहा: ‘अमुक तारखेस शेवटच्या तोटीवर मिनिटास इतके लिटर, इतकी मिनिटे, इतक्या दिवसांनी, बेड्यावरील इतकी घरे जोडणीविना.’ ग्रामपंचायतीच्या सचिवाची सही घ्या. एक नक्कल पंचायत समितीला, एक खासदारांच्या कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थायी समिती मागण्या तपासत असते, म्हणून कागद जानेवारीतच पोचला पाहिजे. एप्रिलात टाकी कोरडी पडल्यावर पाठवलेला कागद पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जातो.