बॉक्स उतरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. ऑटोमॅटिक गाडी धक्के देऊ लागली किंवा जड चालू लागली, की मालकाच्या तोंडी एकच शब्द येतो, गिअरबॉक्स. आणि समोरचा लगेच लाखाच्या गोष्टी सुरू करतो. म्हणून लक्षात ठेवा, गाडी जड चालत असेल तर आधी चाकं बघा. पुन्हा सांगतो, आधी चाकं.

आमचे भावोजी चिपळूणचे. अख्खा पावसाळा गाडी अंगणात उभी, हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला. दसऱ्याला कराडला निघाले, तर कुंभार्ली घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकायला तयार नाही. कसेबसे कराडला पोचले. तिथल्या वर्कशॉपात सांगितलं, बॉक्स उतरवावा लागेल. भावोजींचाच चेहरा उतरला. ताई म्हणाली, "आधी जेवू, मग काय उतरवायचं ते उतरवू." जेवणाच्या ठिकाणी कुणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे धाडलं. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "एक चक्कर मारून या, ब्रेक शक्यतो लावू नका." गाडी परत आल्यावर चारही चाकांजवळ नुसता तळवा धरत फिरला. मागचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं! "सायेब, बॉक्स ठणठणीत हाय. तुमचा हँडब्रेकच सुटला न्हाई." केबल गंजून अडकली होती. नवी टाकली, गाडी पळाली. पावसाळ्यात सपाट जागी गाडी महिनोन्महिने ठेवायची तर हँडब्रेक सोडा, गिअर पी म्हणजे पार्किंगवर ठेवा आणि चाकाला दगड लावा.

 लोक सीट कव्हरवर खर्च करतील, ऑईलवर नाही. असो.

तर धक्क्यांचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचं ऑईल बघा. बहुतेक गाड्यांत ते तांबडं असतं. काळपट झालं, जळका वास आला, तर बदलायला हवं. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, तिचंच ऑईल, दुसरं चालत नाही. डी (पुढे) वरून आर (मागे) ला टाकताना 'धड्' होत असेल, तर इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार, तपासून घ्या, तिथलं रबर फाटतं.

आणि एएमटी, म्हणजे मॅन्युअलचीच ऑटोमॅटिक केलेली, आपल्याकडे 2014 साली मारुतीच्या सेलेरिओतून आली ती. तिच्यात क्लच मॅन्युअलचाच, तो दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करा, धक्का कमी होतो. चढावर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलरेटरवर नाही. ब्रेकवर! नाहीतर क्लच जळतो. तरीही धक्के थांबले नाहीत, तर स्कॅनर लावून क्लचचं सेटिंग करून घ्या. त्याआधी बॅटरी मात्र तपासा, कारण ती कमजोर असली की गिअर टाकणारं यंत्रही चुकतं. नमस्कार.