सासरहून आलेली पत्रं

नमस्कार मंडळी. बडोद्यात सुरसागरजवळच्या न्यायमंदिरात मी वकिली सुरू केली, तेव्हा माझ्या सीनिअरनी एक निकाल हातात ठेवला. म्हणाले, हा पाठ होईपर्यंत खुनाच्या फायलीला हात लावायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाचा, १७ जुलै १९८४ चा. आरोपीचं नाव मी घेत नाही. तो निर्दोष सुटला. त्याचं नाव आता रेडिओवरून कशाला?

मुलगी बीडची. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्याला आली. ११ जूनच्या रात्री झोपायला गेली, ती सकाळी उठलीच नाही. पोटॅशियम सायनाइड. आरोपी होता तिचा नवरा. मधल्या चार महिन्यांत तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. सासरी आपण सुखी नाही, हे त्यांत होतं.

मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. म्हणून त्याचं ऐकीव बोलणं एरवी पुरावा धरत नाहीत. पण मृत्यू कशानं, कोणत्या परिस्थितीत आला याबद्दल तो माणूस काही सांगून गेला असेल, तर ते चालतं. पुरावा कायद्याचं कलम ३२. नव्या साक्ष्य अधिनियमात २६. मृत्युपूर्व जबानी म्हटलं की आपल्याला इस्पितळातली खाट आणि कागद घेऊन बसलेले मॅजिस्ट्रेट दिसतात. न्यायमूर्ती मुर्तझा फझल अलींनी त्यापलीकडे पाहिलं. लग्नानंतर चारच महिन्यांत मृत्यू, तर तेवढा सगळा काळ एकाच घटनेचा भाग, आणि ती पत्रंही पुरावाच. आजही हा परिच्छेद वाचताना मला भरून येतं.

पण तीच पत्रं दुसऱ्या बाजूनंही बोलली. मुलगी फार हळवी, मनातून खचलेली. तिनं स्वतःच विष घेतलं नसेल कशावरून? आरोपीकडे सायनाइड होतं, याचाही पुरावा नव्हता. पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी दिली होती. हायकोर्टाच्या मंजुरीशिवाय फाशी अमलात येत नाही. ती मंजुरीही मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयानं संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जोडलेल्या पुराव्याची, साखळी कुठेही तुटता कामा नये, आरोपी निर्दोष असण्याची दुसरी कुठलीही वाट उरता कामा नये, हे सांगणारी पाच तत्त्वं त्या निकालात आहेत. आम्ही वकील त्यांना ‘पंचशील’ म्हणतो.

निकाल योग्यच होता, असं माझं मत आहे. तरी ती पत्रं मनातून जात नाहीत. नवऱ्याच्या छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं १९८३ च्या अखेरीस, ती गेल्यावर. पुढे २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चार भिंतींच्या आत बाई मेली तर घरच्यांनी खुलासा करायला हवा. तिथे साप चावला असं सांगितलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबलेला निघाला. खोटा खुलासा हाच साखळीतला एक दुवा झाला.

काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या एक काकू आल्या होत्या. लेकीचे सासरहून आलेले मेसेज दाखवत म्हणाल्या, “वकीलसाहेब, जावयाला कळलं तर? पुसून टाकू का?” मी म्हटलं, “काकू, एकही अक्षर पुसू नका, फोन बदलू नका. आणि आज रात्रीच्या गाडीनं जाऊन लेकीला घेऊन या.”

त्या गेल्या. चौथ्या दिवशी दोघी मिळून माझ्या ऑफिसात आल्या. बोलत होती ती लेकच.