दारात बसलेल्या आजोबांना आत बोलवा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या डान्स क्लासबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या क्लासला घरची माणसं कशी यायला लागतात त्याबद्दल. आपल्या बडोद्यात हल्ली असे क्लास बरेच निघालेत, दांडिया बाजारात आहेत, अलकापुरीत आहेत, मांजलपूरला तर सोसायट्यांच्या क्लबहाऊसमधे पण चालतात, आणि ते चालवणाऱ्या मुली भेटल्या की प्रश्न एकच असतो, ताई, बोर्ड लावला, व्हॉट्सॲपवर टाकलं, रील केलं, लोक फोन करतात, फी विचारतात आणि मग येतच नाहीत, असं का?

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला मधेच कुकर बंद करायला उठावं लागलं तरी ते निसटायला नको. मुलाला क्लासला जो माणूस घेऊन येतो ना, त्याला आत घ्या. रील आई बघते, फी बाबा भरतात, पण संध्याकाळी साडेपाचला मुलाचं बोट धरून दारात कोण येतं? आजी, नाहीतर आजोबा. आणि मूल पुढच्या आठवड्यात परत येणार की नाही हे त्याच माणसाच्या हातात असतं, कारण घरी गेल्यावर "कसा होता क्लास?" असं विचारलं की उत्तर तेच देतात.

आता "नाच कशाला" हा प्रश्न कोणी विचारला तर बडोद्यात उत्तर शोधायला लांब जायला नको. १८८० साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक मंडळी इथे आली, आपण आज ज्याला भरतनाट्यम म्हणतो ते नृत्य बडोद्याच्या दरबारात असं आलं. मग १८८६ मधे मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, आणि आज सूरसागर तलावाच्या समोर युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे तिथे मुलंमुली भरतनाट्यम आणि कथकची डिग्री घेतात. गरब्याचं तर बोलायलाच नको, डिसेंबर २०२३ मधे युनेस्कोने त्याचं नाव आपल्या वारशाच्या यादीत घातलं. अशा गावात राहून कोणी नाच म्हणजे थिल्लरपणा म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

पण हे सगळं सांगून कोणी येत नाही बरं का. लोक कसे येतात ते सांगते, आमच्या क्लासची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

आमचा क्लास रावपुऱ्यात एका जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत भरतो. बाहेर लांबलचक ओटला आहे, लाकडी खांबांचा. एका पावसाळ्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले, नातू चार वर्षांचा. आजोबा म्हणजे आपले नेहमीचे बडोद्याचे मराठी आजोबा, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, बगलेत छत्री, सकाळी कमाटीबागेत चालायला जाणार आणि येताना खंडेराव मार्केटमधून भाजी आणणार. आल्याआल्या म्हणाले, "हे बघा बाई, सूनबाई म्हणाली म्हणून आणलाय. मुलगा आहे, त्याला नाच काय करायचाय? क्रिकेटला घालायचा होता मला." आणि मग तिथेच ओटल्यावर उभं राहून त्यांनी मला १९४७ ची रणजी फायनल सांगितली, होळकरांच्या इंदूरविरुद्ध आपली बडोद्याची टीम, विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागी ५७७ ची, आणि त्यांच्या वडिलांनी ती इनिंग ग्राउंडवर बसून बघितलेली. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, काका, इतका वेळ क्रीझवर पाय हलतात ते लयीतच हलतात ना? ते काही बोलले नाहीत, पण बसले. बाहेरच बसले, आत नाही आले.

आणि नातू? नातवाने छत्रीची मूठ घट्ट धरली ती सोडेचना. आत बाकीची मुलं झाडं झाली होती, वारा आला की हलायचं, थांबला की थांबायचं, आणि हा खांबाच्या मागून एका डोळ्याने बघतोय. माझ्याबरोबरची मुलगी त्याला उचलून आणायला निघाली, मी म्हटलं नको, हात लावू नकोस. कारण मी त्याच्या पायाकडे बघत होते. सँडल उलटसुलट घातलेले, डावा उजव्यात, आणि उजव्या पायाचा अंगठा ढोलकीबरोबर वर-खाली, वर-खाली चाललेला. चेहरा रडवेला आणि अंगठा ठेक्यात! लहान मूल आत आलं नाही म्हणजे त्याला नकोच आहे असं नसतं हो. ते बघत असतं, अंगात साठवत असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दारातून ओढून आणलं की ते पुढच्या वेळी दारापर्यंत पण येत नाही.

असेच आणखी काही क्लास गेले. आजोबा ओटल्यावर पेपर वाचणार, नातू त्यांच्या मांडीवर. आणि मग एक दिवस जोरदार पाऊस, लाइट गेली, खोलीत अंधार, पंखे बंद, दोन-तीन मुली रडायला लागलेल्या. मी सगळ्यांना ओटल्यावर काढलं आणि म्हटलं चला, कमाटीबागेतली गाडी करायची. बडोद्याच्या मुलाला गाडी म्हटलं की ती बागेतली छोटी गाडीच आठवते. एकाने दुसऱ्याचा शर्ट धरायचा, दुसऱ्याने तिसरीचा फ्रॉक, आणि ओटल्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय आपटत जायचं. आता मधे आजोबांची खुर्ची. गाडी तिथे अडली. मी म्हटलं, काका, हे स्टेशन आहे आणि तुम्ही स्टेशनमास्तर, तुम्ही झेंडी दाखवल्याशिवाय गाडी सुटायची नाही.

आजोबांनी आधी समोर बघितलं. समोरच्या ओटल्यावर शेजारच्या बा, म्हणजे गुजराती आजी, कोथिंबीर निवडत बसलेल्या, त्या बघत होत्या. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, अगदी घडी घातलेला, आणि हलवला, म्हणजे कसा तर इतकासाच, खांद्याच्या खालीच. गाडी सुटली. फिरून परत आली, परत थांबली, मुलं जागच्या जागी पाय आपटतायत आणि वाट बघतायत. परत रुमाल. आणि मग मांडीवरून आवाज आला, "आजोबा, असं नाही, जोरात!" नातवाने रुमाल हिसकला, मांडीवरून खाली उतरला आणि उभा राहून दोन्ही हातांनी असा काही हलवला की गाडीतली मुलं किंचाळलीच. आजोबांचे हात आता मोकळे झाले. आणि मोकळे हात काय करणार? ते टाळी द्यायला लागले. पण ती टाळी साधी नव्हती श्रोतेहो, मी ऐकतच राहिले, ती भजनी ठेक्याची टाळी होती. तरुणपणी ते विठ्ठल मंदिरात भजनाला बसायचे, टाळ धरायचे, हे घरात कोणाला फारसं माहीतच नव्हतं. माझ्या ढोलकीवाल्या मुलीला म्हणतात, "अगं, पळतेयस, लय धर, मुलांचे पाय लहान आहेत." बरोबर होतं त्यांचं! मुलांचे पाय लहान आहेत. इतक्या साध्या शब्दात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या क्लासला आजोबा आले ते कापडात गुंडाळलेले टाळ घेऊन. ओटल्यावर थांबलेच नाहीत, सरळ आत येऊन कोपऱ्यात बसले, आणि आजोबा आत गेल्यावर नातू बाहेर कशाला राहील? तो गेला आत, झाड झाला, वारा झाला, गाडीचं इंजिन झाला. आणि आता खरी गंमत ऐका. सकाळी कमाटीबागेत चालून झालं की एका बाकावर ह्यांची मंडळी बसतात, मराठी, गुजराती, सगळे. तिथे आजोबांनी सांगितलं असणार, कारण त्यानंतर एक गुजराती बा दोन नातींना घेऊन आल्या आणि दारातच मला विचारलं, "पेला मंजीरावाळा दादा क्यां छे?" मला विचारलंच नाही की क्लास कसला आहे, फी किती. टाळवाले दादा कुठे आहेत! मग आणखी एक आजी आल्या, मग एक आजोबा. त्या वर्षी मी बोर्ड रंगवून घेतला नाही की कुठे पत्रकं वाटली नाहीत.

म्हणून परत सांगते, मुलाला जो घेऊन येतो त्याला आत घ्या. कोपऱ्यात हात असलेल्या चांगल्या खुर्च्या ठेवा, प्लास्टिकचं स्टूल नको, गुडघे दुखणारी माणसं असतात. पाण्याची सोय करा. आणि दर क्लासला शेवटची दहा मिनिटं अशी ठेवा की त्यात मोठ्या माणसाला काहीतरी काम आहे, टाळी आहे, झेंडी आहे, एखाद्या आजी फुगडी घालू शकत असतील तर फुगडी. आपल्याकडे झिम्मा, पिंगा, भोंडल्याचा फेर हे सगळं आज्यांना येतं आणि सुनांना फक्त मंगळागौरीचा ग्रुप बोलावला की दिसतं, पैसे देऊन. हे मला पटत नाही. घरात येणारी गोष्ट भाड्याने कशाला आणायची?

बाकी गोष्टी पटापट सांगते, तुम्हाला ठाऊकच असतील. क्लास पाऊण तासाच्या वर नको, ह्या वयाची मुलं त्यापुढे टिकत नाहीत. दुपारची झोप झाल्यावरची वेळ ठेवा आणि एप्रिल-मे मधे बडोद्याच्या उन्हात पाचला कोणाला बोलवू नका, साडेसहा करा. दहा-बारा मुलं आणि दोन मोठी माणसं, त्याहून गर्दी नको. पाय अनवाणी, फरशी घसरडी असेल तर सतरंजी सरकते, तिच्याऐवजी मॅट घाला. बाथरूम जवळ पाहिजे, हे आया सगळ्यात आधी विचारतात आणि बरोबरच आहे. पहिले काही दिवस घरचं माणूस पूर्ण वेळ आतच बसू दे, मग दाराशी, मग ओटल्यावर, पण शेवटच्या दहा मिनिटांना परत आत. फी महिन्याची घ्या, वर्षाची एकदम मागितली की माणूस मागे सरतो, तीन वर्षांच्या मुलाचा भरवसा काय. आणि ह्या वयात भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसणं, किंवा कथकचा तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, घोटून घेऊ नका, ते सहा-सातच्या पुढे, आत्ता उडी, थांबणं, एका पायावर उभं राहणं, दुसऱ्याला धक्का न लावता गोल फिरणं, एवढं आलं तरी भरपूर आहे.

कोणी विचारलं की ह्याचा उपयोग काय, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाचे तीन तास तरी हालचाल करावी, त्यातला एक तास चांगला दमदार, आणि स्क्रीन एका तासाच्या वर नको. आता फ्लॅटमधे तीन तास मूल हलणार कुठे? खालच्या मजल्यावरचे वर येतात भांडायला. आणि गाणी, गोष्टी, खेळ ह्यातून शिकवायचं हे काही परदेशातून आणायला नको, इथे गुजरातमधेच भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मधे बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करून मग महाराष्ट्रात गेल्या आणि बोर्डी, कोसबाडला बालवाड्या, अंगणवाड्या उभ्या केल्या. एक गुजराती, एक मराठी. बडोद्याच्या माणसाला हे जास्त कळेल.

आणि एक सांगू का, मोबाइल. क्लासमधे शूटिंग बंद ठेवा. मूल नाचताना आईकडे बघतं आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी मोबाइलची मागची बाजू दिसते, हे मला अजिबात बघवत नाही. गॅदरिंगचंही तेच, भाड्याचा टोचणारा चमकीचा ड्रेस, गालाला लाली, रात्री दहापर्यंत मूल स्टेजच्या मागे पेंगतंय. त्यापेक्षा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरच्या सगळ्यांना बोलवा, त्यात बाबा पण येतात, त्यांना सुट्टी असते. आणि सिनेमातली मोठ्या माणसांची गाणी तीन वर्षांच्या मुलाकडून करून घेऊ नका हो. नकोच. आपल्याकडे बडबडगीतं काय कमी आहेत?

नवी मुलं कुठे भेटतील? पाळणाघरात, बालवाडीच्या दारात, मुलांच्या डॉक्टरांकडे, ते तर आहेच. पण आपल्या मराठी घरांमधे सगळ्यात चांगली जागा म्हणजे बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी, घरोघरी बोरन्हाण, हळदीकुंकू, पाच वर्षांच्या आतली सगळी मुलं एका खोलीत, बरोबर आज्या, आत्या, मावश्या, आणि बोरं-चुरमुरे वेचून झाले की मुलं कंटाळतात. तिथे यजमानीण बाईंना विचारून दहा मिनिटं गाडीचा खेळ घ्या. घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या हातात झेंडी द्या. क्लासचा कागद शेवटी द्या, नाहीतर नाही दिला तरी चालेल, त्या माणसाने झेंडी हलवली की तो स्वतःच विचारतो कुठे असतो क्लास.

आणि नवरात्रीचं. आठवडाभर आधी लोक येतात, ताई, हिला गरबा शिकवून द्या. एका आठवड्यात साडेतीन वर्षांच्या मुलीला काय येणार, टाळी एकीकडे आणि पाय एकीकडे. श्रावणात बॅच सुरू करा, मधे गणपती येतात, आरतीला टाळी धरायला शिकवा, म्हणजे नवरात्र येईपर्यंत मुलं गोलात चालायला लागतात, पुढच्याचं अंतर राखून. आणि सोसायटीच्या गरब्यात पहिला अर्धा तास लहान मुलांसाठी, स्पीकरचा आवाज कमी करून मागून घ्या, मंडळवाले देतात, फक्त आधी जाऊन भेटायला पाहिजे, आणि भेटायला जाताना क्लासमधले एखादे आजोबा बरोबर न्या. नमस्कार.