आधी पॉइंटची किंमत काढा

श्रोतेहो, नमस्कार. प्रवासाचे पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड घ्यायचं म्हटलं की नजर आधी जाते ती जॉइनिंग बोनसच्या, म्हणजे कार्ड घेतल्याबद्दल मिळणाऱ्या पॉइंटांच्या, मोठ्या आकड्यावर. तो आकडा जरा बाजूला ठेवा, कागद-पेन घ्या आणि आधी एका पॉइंटची किंमत काढा.

तुम्ही खरोखर करणार आहात असा एक प्रवास धरा. समजा, विमानाचं तिकीट पैसे देऊन 12,000 ला पडतं. तेच पॉइंटवर काढलं, तर 20,000 पॉइंट आणि वर 2,000 कर लागतो. म्हणजे 20,000 पॉइंटांनी वाचवले 10,000. एका पॉइंटची किंमत झाली 0.50. कर वजा करायला विसरलात, तर हिशेब उगाच फुगतो.

आता कार्ड दर 100 च्या खर्चावर 2 पॉइंट देत असेल, तर पदरात पडतो फक्त 1 टक्का. वार्षिक फी 3,000 असली तर ती वसूल व्हायलाच वर्षाला 3 लाखांचा खर्च हवा. बिनफीचं साधं कॅशबॅक कार्ड तेवढ्याच खर्चावर 1 टक्का देत असेल, तर तेच बरं. हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

पॉइंट कोणत्या टप्प्यावर मिळतात, तेही बघा. काही कार्डांवर टप्पा 150 चा असतो आणि प्रत्येक बिल वेगळं मोजलं जातं. 290 चं बिल झालं, तर एकच टप्पा धरतात. उरलेल्या 140 वर काहीच नाही. शिवाय इंधन, घरभाडं, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेकदा पॉइंट नसतात. तुमचा मोठा खर्च नेमका यातच असेल, तर जाहिरातीतला दर तुमच्या कामाचा नाही.

परदेशी जाणार असाल तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर लागणारा जादा आकार, विचाराच. तो 3.5 टक्के असेल आणि पॉइंटांतून मिळणार 1 टक्का, तर प्रत्येक खरेदीत तोटाच. दुकानातल्या मशीनवर ‘तुमच्या चलनात पैसे देणार का’ असं आलं, तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. नाहीतर रूपांतराचा महाग दर माथी बसतो.

दरमहा पूर्ण बिल भरणं जमणार नसेल, तर हे कार्ड घेऊच नका. महिन्याला 3 टक्के व्याज लागलं, की 1 टक्क्याचे पॉइंट त्यात बुडतात.

आणि पॉइंट विमान कंपनीकडे वळवण्याची घाई करू नका. एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत. आधी हव्या तारखेला पॉइंटवरची सीट दिसते का ते बघा, कार्डाच्या किती पॉइंटांना विमान कंपनीचे किती मिळतात ते तपासा, मगच बटण दाबा. पॉइंट पोहोचायला कधी दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात सीट जाते, म्हणून दुसरी एखादी तारीखही आधीच हेरून ठेवा.