ईसीजी नॉर्मल आहे

(दृश्य : ऐरोली स्थानक, संध्याकाळ. ठाण्याहून आलेली लोकल थांबते.)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ऑफिसं उघडतात, तेव्हा नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घणसोलीत दिवेलागण झालेली असते. इथल्या कितीतरी आयटीवाल्यांचा खरा दिवस तेव्हाच सुरू होतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि इकडचा कॉल तासभर पुढे सरकतो. जेवण लांबतं, झोप लांबते. सकाळ मात्र लांबत नाही. मुलांची स्कूलबस ठरल्या वेळीच येते.

(दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर लॅपटॉप, तिच्या कानात हेडफोन.)

कुकरची शिट्टी व्हायच्या आत माइक म्यूट करायचा, पोळी उलटायची, पुन्हा अनम्यूट. तिचा हात हे आता आपोआप करतो. नवऱ्याचाही कॉल चालू आहे, पण तो आतल्या खोलीत, दार लावून. दमणूक दोघांची असली, तरी ती सारखी वाटली गेलेली नाही.

मन गप्प बसतं तेव्हा शरीर तक्रार करतं. छातीत धडधड, सततचं पित्त, पहाटे तीनला टक्क उघडणारे डोळे. फॅमिली डॉक्टर ईसीजी काढतात. तो नॉर्मल येतो. "टेन्शन घेऊ नका." पण टेन्शन हौसेनं कोण घेतं? घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. लग्नात भेटलेले काका तब्येतीआधी पॅकेज विचारतात. नोकरी सोडायचा विचार इथेच अडतो.

आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं.

(दृश्य : ठाणे मनोरुग्णालयाची जुनी इमारत.)

ठाण्यात मदत नाही असं नाही. हे रुग्णालय १९०१ पासून उभं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये याच शहरात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. तरीही "याला ठाण्याला भरती करा" हा टोमणा मुंबईभर सर्रास मारला जातो. तो ऐकत वाढलेला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की कचरतो. घरी सांगतो, पित्ताचं औषध आणायला चाललोय. हा टोमणा आपण बंद करायला हवा, अगदी गमतीतही.

आणि कंपन्यांनी? वर्षातून एकदा योगाचं सत्र ठेवून भागत नाही. रात्री उशिरा कॉल संपला, तर दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग लावू नये. याला एक रुपयाही लागत नाही.

(दृश्य : पडद्यावर क्रमांक.)

टेली-मानस, १४४१६. मानसिक आरोग्यासाठी सरकारी फोनसेवा, मोफत, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत काय काय मिळतं, ते एचआरला विचारून घ्या.