लाल दिव्यापाशी सायकलस्वाराची जागा

कोल्हापूरच्या शाहू स्मारकात जमलेल्या सर्वांना नमस्कार. सायकलच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण हेल्मेट, दिवे आणि ब्रेक यांवर पुष्कळ बोलतो. आज मी एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे: सिग्नलला लाल दिवा लागल्यावर सायकलस्वाराने नेमके कुठे थांबावे?

बाहेर दसरा चौकात किंवा ताराराणी चौकात शाळेच्या वेळी उभे राहून पाहिले, तर अनेक मुले फुटपाथला चिकटून, थांबलेल्या वाहनांच्या डावीकडून पुढे सरकताना दिसतात आणि एखाद्या बसच्या पुढच्या चाकाशेजारी, एक पाय फुटपाथवर टेकवून थांबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ‘कडेने जा’ हेच आपण त्यांना शिकवले आहे. वाहत्या रस्त्यावर तो सल्ला बऱ्याच अंशी योग्य असला, तरी सिग्नलला हीच कडेची जागा सर्वांत धोक्याची ठरते.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. केएमटीच्या (शहर बसच्या) किंवा एसटीच्या उंच आसनावरून त्याला डाव्या बाजूची, पुढच्या चाकालगतची जमीन थेट दिसत नाही आणि आरशातही तिथला बराच भाग येत नाही. त्यातच लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता वळणाच्या आतून, म्हणजे फुटपाथच्या अधिक जवळून जातात. पुढचे चाक निघून गेले म्हणून सायकलस्वार निर्धास्त होतो, तोवर वाहनाचा मधला भाग त्याच्याकडे सरकू लागलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथ असल्याने त्याला हलायला जागा उरत नाही. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागची ट्रॉली पुढचीपेक्षाही आतून वळते, उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर आलेले असतात आणि ट्रॅक्टरच्या आवाजात घंटीच काय, मारलेली हाकही ऐकू जात नाही. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की मोठ्या वाहनाच्या पुढे थांबावे किंवा मागे थांबावे, शेजारी कधीही थांबू नये.

पुढे थांबायचे म्हणजे बंपरला खेटून नव्हे, कारण तिथेही चालकाची नजर पोहोचत नाही. आणि झेब्रा क्रॉसिंगवर तर नव्हेच, ती जागा पायी चालणाऱ्यांची आहे. स्टॉप लाइनपाशी जागा नसेल तर रांगेत, पुढच्या वाहनाच्या मागे, लेनच्या मध्यावर थांबावे. मागून हॉर्न वाजतील, ते वाजू द्यावेत. डावे वळण खुले असलेल्या चौकात तर सरळ जाणाऱ्याने कडेला थांबणे दुहेरी चुकीचे आहे: वळणाऱ्यांची वाट अडते आणि दिवा हिरवा झाला की त्यांचा प्रवाह आपल्याला आडवा येतो.

कोपनहेगनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि तिथे डावीकडे वळायचे असल्यास सायकलस्वार दोन टप्प्यांत वळतात. आपल्याकडे उजवीकडे वळताना हेच करता येईल. आधी सरळ चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे, सायकल उजवीकडे वळवून ठेवायची आणि त्या दिशेचा दिवा हिरवा झाल्यावर निघायचे. आपल्या गर्दीत, दुचाक्यांच्या मधून उजव्या लेनपर्यंत पोहोचण्यापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते, विशेषतः मुलांसाठी.

थांबण्याइतकेच निघणेही महत्त्वाचे आहे. अगदी कमी वेगात सायकल डगमगते आणि दिवा बदलताच सगळे एकदम सुटतात तेव्हा नेमका आपला वेग सर्वांत कमी असतो. त्यामुळे थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, डावा पाय जमिनीवर ठेवावा आणि उजवे पायडल वर घेऊन ठेवावे, म्हणजे पहिल्याच दाबात सायकल सरळ निघते.

हे सारे सायकलस्वारावरच सोडणे मात्र मला मान्य नाही. लंडनमध्ये १२ टनांवरील ट्रकांना, चालकाला आसनावरून थेट किती दिसते यावर परवाना अवलंबून ठेवण्याची पद्धत मार्च २०२१ पासून अमलात आहे. ब्रिटनमध्ये आणि नेदरलँड्समध्ये अनेक चौकांत मोटारींची स्टॉप लाइन काही मीटर मागे घेऊन पुढची जागा सायकलींसाठी रंगवलेली असते. आपल्या शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील सिग्नलना महापालिकेने असे पट्टे मारावेत, अशी माझी मागणी आहे. दुचाक्या ती जागा व्यापतील हे उघड आहे, त्यामुळे निदान शाळेच्या वेळेत तिथे वाहतूक पोलीस हवा. आणि पट्टे मारताना एक काळजी अवश्य घ्यावी: त्या जागेकडे नेणारी अरुंद मार्गिका डाव्या कडेने आखली, तर मुले पुन्हा बसच्या डाव्या बाजूनेच पुढे जातील, तेव्हा ती कडेपासून दूर, सरळ जाणाऱ्या लेनमधूनच आखली पाहिजे.